दुसऱ्यांदा रक्त

फोन आला तेव्हा मी पडवीत बसून पायाला तेल चोळत होतो. बाईचा आवाज होता आणि गोड होता. गोड आवाजात कोणी माझं पूर्ण नाव घेतलं की माझे कान टवकारतात. ट्रस्टच्या हॉस्पिटलातून सुचिता बोलत होती. काका, पाय कसा आहे, जिना चढता का, काठी सुटली का, अशी सगळी विचारपूस झाली आणि मग बाई मुद्द्यावर आली. ऑपरेशनला सहा महिने झाले, तेव्हा एकदा येऊन थोडं रक्त देऊन जा.

मी म्हणालो, "टाके सुकले, पाय चालतो. आता रक्त कनाला?"

ती म्हणाली, तुम्ही हाड दिलं होतंत ना, त्यासाठी.

मी बघतो म्हणून फोन ठेवला. आधी हाड नेलं, आता रक्त पाहिजे. उद्या काय मागतील?

मी संशयी माणूस आहे हे उरणपासून पेणपर्यंत माझ्याबरोबर ज्यांनी डंपर चालवले त्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कारण आहे. आमच्या बापाने एका दलालाच्या हसऱ्या तोंडाकडे बघून कागदावर अंगठा दिला आणि तीन पिढ्यांचं मिठागर गेलं. तेव्हापासून आमच्या घरात हसऱ्या माणसाला चहा मिळतो, सही मिळत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, आणि मी तर पाणीसुद्धा फुंकून पितो. परका माणूस म्हटला की आधी त्याचा हेतू शोधायचा. आपला माणूस असेल तर प्रश्न नाही. आपला माणूस आपल्याला कशाला फसवेल?

तर या हाडाची गोष्ट. तीस वर्षं डंपरच्या सीटवर आदळून माझ्या उजव्या खुब्याचा गोळा झिजला. गेल्या गणपतीत मला आरतीला उभं राहता येईना. दिवाळीपर्यंत रात्रीची झोप गेली. ऑपरेशनला मी तयार नव्हतो, म्हणून मधले दोन महिने गणराजकडे इंजेक्शनं घेतली. गणराज हा माझ्या मावसभावाचा मुलगा. पनवेलला एका डॉक्टरकडे पंधरा वर्षं कंपाउंडर होता, नंतर गावात गल्लीच्या तोंडाशी स्वतःची खोली काढली. एक सुई मारली की तीन दिवस बरं वाटायचं. बोर्ड नव्हता, डिग्री नव्हती, पण रक्ताचं नातं होतं.

शेवटी मुलाने, केतनने, ऐकलं नाही आणि मला करंज्याहून लाँचने पलीकडे नेऊन, रेवसवरून पुढे अलिबागच्या वाटेवरच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात दाखल केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हीच सुचिता एक फॉर्म घेऊन खाटेजवळ बसली. म्हणाली, खुब्यातला झिजलेला गोळा आम्ही काढून टाकणार, तो एरवी जाळला जातो. पण त्यातलं आतलं हाड चांगलं असतं, ते धुऊन, गोठवून ठेवलं तर दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतं. आमच्याकडे नवीन सोय झाली आहे, द्याल का? त्या वेळी मला इतक्या कळा येत होत्या की तिने मुंडकं मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. मग तिने वीसेक प्रश्न विचारले. दारू किती, अंगावर गोंदवलंय का, कधी रक्त चढवलंय का. आणि वर्षभरात बाहेर कुठे इंजेक्शन घेतलंत का?

मी नाही म्हणालो.

खोटं बोललो हे मला कळत होतं. पण गणराजचं नाव परक्या बाईच्या कागदावर कशाला घालायचं? उद्या कोणी त्याच्या दारात चौकशीला गेलं तर मावसभावाला काय तोंड दाखवू? माझं रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं, आणि दुसऱ्या दिवशी गोळा निघाला. त्याच्या जागी लोखंडाचा बसला. मी चालायला लागलो आणि ते हाड विसरलो.

आठवण करून दिली काशीआत्याने. एप्रिलमध्ये माझा चुलतभाऊ काळूराम गेला. महिनाभर डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं. गाव म्हणालं, दारूने खाल्ला. मीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला गेलो. काळूरामच्या मांडीत जुन्या अपघातातली सळई होती, ती राखेत तशीच्या तशी निघाली, काळी पडलेली. ती खाडीत सोडायची की नाही यावर चार शहाण्यांचा वाद झाला. एक म्हणाला ती त्याची नव्हेच, दुसरा म्हणाला वीस वर्षं त्याच्यात होती मग कोणाची? शेवटी सोडली. तेवढ्यात काशीआत्या माझ्याकडे वळली. आत्या नव्वदीची आहे आणि तिला कुठे काय बोलावं याचा पाचपोच नाही.

"बुधाजी, तू जलशील तवा आमी काय येचायचा? तुजा गोला तं फ्रीजमदी."

लोक राखेभोवती उभे राहून हसले. मीही हसलो, पण ते डोक्यात बसलं. आमच्यात माणूस गेला की घरचे लोक वाकून एकेक हाड वेचतात, पाण्याने धुतात आणि खाडीच्या पाण्यात सोडतात. मी माझ्या आईची वेचली, बापाची वेचली. माणूस पुरा गेला पाहिजे. माझा एक तुकडा कुठल्या तरी पेटीत नंबर लावून पडून राहणार, आणि तो कोणाकोणाच्या अंगात जाणार, कोण जाणे. त्यात न्हाव्याच्या दुकानात गावातल्या पियूषने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, हाडं दळून पावडर करतात आणि बाहेरच्या देशात पाठवतात म्हणून. दुकानातले सगळे माझ्या कमरेकडे बघत होते.

कमळने, माझ्या बायकोने, मला समजावून पाहिलं. ती म्हणाली, मागतायत तर द्या ना रक्त, इतकं काय. कमळला जगात सगळे चांगले दिसतात. भाजीवाला सडके टोमॅटो देतो तरी ती म्हणते, त्याला दिसले नसतील. मी तिला सांगितलं, रक्त द्यायला नाही, हाड परत आणायला जातो. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा पिशवीत घातला आणि करंज्याची लाँच पकडली.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या शेजारी एका खोलीवर पाटी होती, ‘ऊतीपेढी’. या शब्दाचा अर्थ कळणारा माणूस तिथे एक दिसला नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, हाडांची बँक. लोकांना कळू नये म्हणूनच असं नाव ठेवलं असणार, असं मी मनात धरलं. दाराला दोन कुलपं होती. हाडांना दोन कुलपं कशाला?

सुचिता बाहेर आली. पंचविशी-तिशीची, डोक्याला टोपी, पायात दुसऱ्याच मापाच्या चपला. मला पाहून तिला आनंद झाला, म्हणजे तसं तिने दाखवलं. मी सरळ सांगितलं की मला माझं हाड परत पाहिजे.

वाटलं होतं की ती टाळाटाळ करेल, डॉक्टरकडे पाठवेल, नियम काढेल, म्हणजे माझा संशय खरा ठरेल. ती म्हणाली, "चालेल, काका. कोणाला दिलं जाईपर्यंत ते तुमचंच आहे. फॉर्म भरा आणि घेऊन जा."

इतक्या सहज हो म्हणाली म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं. मी म्हणालो, आधी दाखव, माझंच आहे कशावरून? तिने मला काचेपाशी नेलं. आत दोन उभी गोठवणारी कपाटं होती, वजा ऐंशी अंशांवर चालणारी. तिने सांगितलं की वीज गेली की जनरेटर लागतो, आणि जनरेटर लागला नाही तर घंटा तिच्या मोबाईलवर वाजते. दीड वर्षात चार वेळा ती घरून धावत आली होती. आतल्या मुलाने खण उघडला. पाकिटांवर नंबर होते आणि गोल चिकट्या होत्या, वरच्या खणात हिरव्या, खालच्या खणात लाल. माझा नंबर तिने कागदावरून जुळवून दाखवला. माझी चिकटी लाल होती.

"लाल कनाला?"

"दुसऱ्यांदा रक्त तपासेपर्यंत लालच असते. त्याला हात लावायचा नाही, कोणाला द्यायचं नाही."

मग तिने समजावलं. काही आजार माणसाच्या रक्तात शिरले तरी सुरुवातीच्या आठवड्यांत तपासणीत दिसत नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी रक्त चांगलं निघालं याचा अर्थ ते चांगलं होतंच असा नाही. म्हणून सहा महिने हाड बाजूला ठेवायचं आणि देणाऱ्याला परत बोलवायचं. कितीतरी लोक येत नाहीत. मग ते हाड फुकट जातं.

माझं टाळकं सरकलं. मी काय रोगी दिसतो? घरदार असलेला माणूस, नातवंडं झाली. "म्हंजे तुमी माज्यावर सहा म्हैनं संशय घेत व्हते?"

"सगळ्यांवरच घेतो, काका. उद्या माझ्या आईने हाड दिलं तरी तिच्यावर घेईन."

मी आयुष्यभर जे करत आलो ते ही पोरगी पगार घेऊन करत होती. मी उगाच विचारलं, असले आजार कुठले?

तिने दोन-तीन नावं घेतली आणि म्हणाली, त्यातली काविळीची जास्त भीती. पाण्यातून होते ती नव्हे, सुईतून जाते ती. एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला लावली की झालं. वर्षानुवर्षं कळत नाही, आत लिव्हर सडत राहतं. फॉर्म आणते म्हणून ती आत गेली आणि मी बाकावर बसलो.

गणराजच्या खोलीत एक स्टूल होतं. काळूराम आणि मी बरोबरच जायचो, त्याला कमरेसाठी टोचायचे आणि मला खुब्यासाठी. तो उठला की मी बसायचो. गणराज सुई गरम पाण्याच्या वाटीत बुचकळून काढायचा, झटकायचा आणि हसून म्हणायचा, काका, नवीन सुयांची नुसती नाटकं असतात, कंपन्यांचे धंदे. मला ते पटायचं. कंपन्यांवर माझा संशय होता, गणराजवर नव्हता. स्टूल अजून काळूरामच्या अंगाने गरम असायचं.

काळूरामचे पिवळे डोळे आठवले.

शेजारी एक बाई आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन बसल्या. मुलीच्या नडगीवर लांब वण होता. बाई रेवदंड्याची होती, मासळी सुकवणारी, बोलघेवडी. मी न विचारताच तिने सांगितलं की मुलीच्या, अमिषाच्या, पायाच्या हाडात गाठ झाली होती, आतून सगळं पोखरलेलं, खेळताना दोनदा मोडलं. डॉक्टरांनी गाठ खरवडून काढली आणि त्या खड्ड्यात इथलं हाड भरलं. आज दाखवायला आल्या होत्या. मुलगी उठून दाराशी गेली आणि परत आली, जरा लंगडत, पण काठीशिवाय.

मी विचारलं, "कोणाचा हाड हाय, विचारलास काय?"

"सांगत नाय ती. कोनाचं का असना, देव त्याला सुखी ठेवो." मग तिने पदराने मुलीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तपासून देतान, त्या म्याडमनी सांगितलान. तपासल्याबिगर नाय देत."

मी त्या मुलीच्या पायाकडे बघत राहिलो. तिच्यात भरलेला गोळा माझा नव्हता, माझा तर लाल चिकटीत पडला होता. पण हिच्या पायात माझा गोळा गेला असता तर? इंजेक्शनाचं विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो होतो. फॉर्मवर पेनने लिहिलेलं ‘नाही’ होतं ते. सुचिताने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर सहा महिन्यांपूर्वीच कोणाच्या तरी पोराच्या पायात ते गेलं असतं.

सुचिता फॉर्म घेऊन आली. संमती मागे घेतो, हाड परत मिळालं, खाली सही. पेन पुढे केला. मनात म्हटलं, बुधाजी, सही कर आणि डबा भरून घरी जा. रक्त नको, तपासणी नको, गणराजचं नाव नको. कोणाला कळणार नाही. तुझं हाड तुझ्या चितेवर जाईल. यात कोणाचं नुकसान आहे?

कोणाचंच नव्हतं. पण काळूराम पिवळा होऊन मेला होता आणि मी त्याच स्टुलावर बसलो होतो. मला भीती वाटली, लहान मुलासारखी. साठी उलटलेल्या माणसाने कबूल करायला लाज वाटते, पण मला नुसती भीती वाटली.

"बाय, मी खोटा बोल्लो तुला," मी म्हणालो. "मी इंजेक्शना घेतली व्हती. दोन म्हैने. एकाच सुईची."

मला वाटलं ती चिडेल. ती माझ्याशेजारी बसली. फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाली, मग आता हाड देता येणार नाही, तुम्हालाही नाही. आधी रक्त. मी बाही वर केली. नळी भरत असताना तिने विचारलं, तिथे आणखी कोण जायचं? मी काळूरामचं नाव सांगितलं, तो गेला हेही सांगितलं. गल्लीतली चार-पाच नावं सांगितली. नाव विचारलं तेव्हा गणराजचंही सांगितलं. ते सांगताना आपल्या घराचं छप्पर आपणच उचकटतोय असं वाटलं.

"घरातलं कोणी?"

मी भरत आलेल्या नळीकडे बघितलं. मग म्हणालो, "मंडली."

कमळचे गुडघे दुखायचे. सुईला ती लहानपणापासून घाबरते. ती नको म्हणत होती, मीच म्हणालो, अगं आपला गणराज आहे, परका नाही. हाताला धरून मी तिला त्या खोलीत नेलं होतं. एकदा नव्हे, सहा वेळा.

चार दिवसांनी सुचिताचा फोन आला. गोड आवाज नव्हता, सरळ होता. माझ्या रक्तात ती कावीळ निघाली होती, सुईची. आणखी एक तपासणी करायची, पण डॉक्टर म्हणाले आता यावर गोळ्या आहेत, तीन महिने घ्यायच्या, बहुतेक माणसं बरी होतात. वेळेत कळलं. हाड हॉस्पिटलच्या भट्टीत जाळलं. मी विचारलं, राख? ती म्हणाली, तिथे सगळ्यांची एकत्रच असते, काका. तेव्हा मला वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तेवढं नाही. माझं सगळं लक्ष स्वयंपाकघरात होतं, जिथे कमळ भाकरी थापत होती.

गावात कळायला वेळ लागला नाही. आरोग्य खात्याचे लोक आले आणि गणराजची खोली बंद झाली. मावसभावाने मला रस्त्यात पाहून तोंड फिरवलं. घरचा भेदी म्हणाला, आणि ते त्याचं चुकलं नाही. काशीआत्याने विचारलं, गोला आनलास काय? मी नाही म्हणालो, ती म्हणाली, बरा झाला, रोगी हाड आमी कनाला येचायचा.

शुक्रवारी मी कमळला घेऊन लाँचमध्ये बसलो. आदल्या दिवशी तिला सगळं सांगितलं होतं. म्हणजे सुईचं सांगितलं, काळूरामचं सांगितलं, पण मी तिला हाताला धरून नेलं होतं ते बोलायला जीभ वळली नाही. तिनेही काढलं नाही. ती खाडीकडे बघत होती आणि मध्येच म्हणाली, केतनच्या मुलीला बर्फी आवडते, येताना अलिबागची घेऊ.

हॉस्पिटलात सुचिताने तिला खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला. सुई बघून कमळने डोळे गच्च मिटले. सुचिता म्हणाली, "मावशी, कशासाठी रक्त घेतोय ते सांगू का आधी? विचारा काय विचारायचं ते."

"नको," कमळ डोळे न उघडता म्हणाली. "यांनी आनलाय ना, मंग ठीकच असंल."

मी उठून बाहेर आलो. वॉचमन काहीतरी विचारत होता, मला ऐकू आलं नाही. चाळीस वर्षं मी प्रत्येक माणसाचा हेतू शोधत फिरलो, आणि या बाईने एकदाही माझा शोधला नाही. शोधायला पाहिजे होता.